शून्यावर संपणारे रक्तदाब

रुग्णालयाची जुनी फाइल हाती आली की मी आधी रक्तदाबाचा रकाना उघडते आणि फक्त शेवटचा अंक मोजते. शून्य किती वेळा, दोन किती वेळा, चार किती वेळा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरवर असतात, त्यामुळे विषम आकडे येणार नाहीत हे मान्य. पण उरलेल्या पाच अंकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एक पंचमांश नोंदी यायला हव्यात. तशा येत नाहीत. शून्याचा ढीग लागलेला असतो. वर १२०, १३०, १४० आणि खाली ८० नाहीतर ९०. हृदयाला दशमान पद्धत कुणी शिकवलेली नाही, ती पाऱ्याकडे बघणाऱ्या माणसाला शिकवलेली आहे.

यात मी कुणाला दोष देत नाही. बाहेर रांग खोळंबलेली असताना १३८ की १४० याचा काथ्याकूट करायला वेळ कुणाला आहे? रुग्णाचं त्याने फारसं बिघडतही नाही, कारण डॉक्टर पुन्हा मोजतात, समोरच्या माणसाकडे बघतात. बिघडतं ते नोंद माझ्याकडे आल्यावर. '१४० आणि त्याहून जास्त' अशी रेघ मारून मी दोन गट करते, तेव्हा १३६ वाले किती आणि १४३ वाले किती त्या १४० मध्ये जाऊन बसलेत हे कळायचा मार्गच उरत नाही. पुढे कधीतरी वॉर्डात स्वयंचलित यंत्रं येतात आणि शून्यांचा ढीग एका महिन्यात गायब होतो. आलेखावर वाटतं, रुग्णांचा रक्तदाब बदलला. बदललेलं असतं फक्त यंत्र.

मी संख्याशास्त्र शिकले आणि आता वैद्यकीय संशोधनासाठी रुग्णालयातल्या नोंदी वापरण्याजोग्या करण्याचं काम करते. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे एआय का?" कधीमधी तेही. पण बहुतेक वेळ एकाच प्रश्नात जातो: हा आकडा इथे आला कसा? कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, लिहिताना त्याच्यासमोर संगणकाचा कोणता पडदा होता, आणि रकाना रिकामा सोडला असता तर फॉर्म पुढे सरकला असता का? जन्मतारीख १ जानेवारी असलेल्यांची गर्दी दिसली की मी समजते, वय अंदाजाने लिहिलंय. वजनाच्या रकान्यात ९९९ दिसलं की वजनकाटा नव्हता आणि पडदा सोडत नव्हता.

एककांचं प्रकरण तर वेगळंच. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन काही प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोमोलमध्ये. पहिल्यात १ असेल ते दुसऱ्यात ८८.४ होतं. रक्तातल्या साखरेला १८ ने गुणायचं किंवा भागायचं. दोन प्रयोगशाळांचे निकाल एका रकान्यात ओतले की आलेखाला दोन उंचवटे येतात आणि चूक स्वतःहून हात वर करते. असल्या चुका मला आवडतात. भीती वाटते ती वजनाची. ११० हे किलोही असू शकतं आणि पौंडही, दोन्ही माणसं तितकीच शक्य आहेत, आणि औषधाची मात्रा अनेकदा वजनावर ठरते. तिथे कुठलंही सूत्र कामाला येत नाही. मागची नोंद बघायची, उंची बघायची, आणि तरीही शंका राहिली तर ती ओळ बाजूला काढायची.

पण खरी गंमत आकड्यात नाही, रिकाम्या जागेत आहे.

समजा, एका रुग्णाच्या रक्तातलं लॅक्टेट कधी तपासलंच नाही. मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणारा प्रोग्राम, बनवणाऱ्याला ती गाळलेली जागा दिसते. सरासरी घालून भरून टाकावी असा मोह होतो. पण लॅक्टेट, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक, सहसा तेव्हाच मागवतात जेव्हा डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते. न मागवणं हाही एक निर्णय आहे, आणि बहुतेक वेळा तो 'हा माणूस ठीक दिसतोय' असा असतो. २०१८ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या नोंदींवर एक अभ्यास आला होता. सुमारे ६ लाख ७० हजार रुग्ण, २७२ प्रकारच्या तपासण्या. त्यातल्या २३३ तपासण्यांच्या बाबतीत तपासणी मागवली की नाही, एवढ्यावरूनच पुढची तीन वर्षं जगण्याची शक्यता बदललेली दिसत होती. निकाल काय आला ते नंतरचं. तपासणी कोणत्या वेळी, कोणत्या दिवशी मागवली हेही महत्त्वाचं. ज्या १७४ तपासण्यांमध्ये तुलना करता आली, त्यातल्या ११८ मध्ये निकालापेक्षा वेळेवरून अंदाज जास्त अचूक येत होता.

हे वाचल्यावर मी नोंदींकडे बघायची तऱ्हाच बदलली. पहाटे तीनला रक्त काढलंय म्हणजे कुणीतरी ड्यूटीवरच्या डॉक्टरला उठवलंय. सिस्टरना काहीतरी बरं वाटलं नाही, त्यांनी फोन केला. तो फोन फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नाही, पण तपासणीच्या वेळेत तो आहे. म्हणजे आपण ज्याला रुग्णाचा डेटा म्हणतो त्यात रुग्णाइतकीच भोवतालच्या माणसांचीही नोंद असते: त्यांची काळजी, त्यांच्या पाळ्या, त्यांच्या सवयी. संगणकाला हे दोन वेगळे करता येत नाहीत. त्याला फक्त रकाने दिसतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण न्यूमोनियाचं. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत काही संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका कुणाला जास्त हे संगणकाला शिकवत होते. ज्यांना धोका कमी त्यांना घरी औषधं द्यायची, बाकीच्यांना दाखल करायचं, असा साधा हेतू. वेगवेगळ्या पद्धती आजमावल्या गेल्या. त्यात न्यूरल नेटवर्क सगळ्यात अचूक निघालं, पण ते अंदाज कसा बांधतं हे माणसाला वाचता येत नाही. दुसरी एक पद्धत अचूकतेत जरा मागे होती, पण ती आपले नियम माणसाला वाचता येतील असे लिहून दाखवायची. त्या नियमांत एक असा होता: रुग्णाला दमा असेल तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला असणार. पण नियम नोंदींप्रमाणे खरा होता. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, त्याच्यावर बारीक लक्ष ठेवत, आणि म्हणून ते जास्त वाचत. उपचार इतका चांगला होता की नोंदींत आजारच सौम्य दिसायला लागला. हे मॉडेल जसंच्या तसं वापरलं असतं तर त्याने दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं.

मला त्यापुढचा निर्णय जास्त आवडतो. संशोधकांपैकी रिच कॅरुआना यांनी २०१५ मध्ये हा किस्सा सविस्तर लिहिला. न्यूरल नेटवर्क अचूक असूनही त्यांनी ते रुग्णांवर वापरू नका असं सांगितलं. दम्याचं आपल्याला कळलं, कारण शेजारची पद्धत बोलकी होती. न्यूरल नेटवर्कच्या पोटात आणखी काय काय दडलंय ते कोण बघणार? अचूकतेचा आकडा चांगला असताना 'नको' म्हणायला धमक लागते. आज असं म्हणणारे फार दिसत नाहीत.

क्ष-किरणांच्या बाबतीतही २०१८ मध्ये असंच उघडकीला आलं. अमेरिकेतल्या तीन ठिकाणच्या दीड लाखाहून जास्त छातीच्या फिल्म्स घेऊन न्यूमोनिया ओळखणारी मॉडेल्स तपासली. शिकवणी ज्या रुग्णालयात झाली तिथे ती चमकायची, आणि पाचातल्या तीन तुलनांमध्ये परक्या रुग्णालयात मागे पडायची. शोध घेतल्यावर कळलं, की फिल्म कोणत्या रुग्णालयातली हे असली नेटवर्क जवळजवळ अचूक सांगू शकतात. एका ठिकाणी न्यूमोनियाचं प्रमाण दुसरीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. मग फुप्फुस बघायची गरज काय, रुग्णालय ओळखलं की अर्धं काम झालं! फिरत्या यंत्राने खाटेवर काढलेली फिल्म हीसुद्धा एक खूण असते, कारण जो उठून क्ष-किरण विभागात जाऊ शकत नाही तो जास्त आजारी.

मोजमापाचं यंत्रही निष्पाप नसतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के होतं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून मोजतं, गडद त्वचेत हिशेब चुकतो. आता ते ९४ हजारो फाइल्समध्ये जाऊन बसलंय, आणि त्यावर शिकलेलं प्रत्येक मॉडेल ती चूक इमानाने पुढे नेणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही बाई डेटाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. नीट विचारलं तर नोंदी जे सांगतात ते दुसरं कुणीच सांगू शकत नाही, आणि याचा माझा सगळ्यात लाडका पुरावा १८५४ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीतला आहे. जॉन स्नो या डॉक्टरचं नाव घेतलं की सगळे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची गोष्ट सांगतात: नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या, पंपाचं हँडल काढलं, वगैरे. ती चांगली आहे, पण त्याच वर्षी स्नोने दक्षिण लंडनमध्ये केलेलं काम त्याहून कितीतरी पक्कं होतं.

तिथे दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. एकीचं नाव लॅम्बेथ. तिने १८५२ मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण शहराच्या वर, थेम्सच्या स्वच्छ पात्रात हलवलं होतं. दुसरी साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल, ती अजून शहराच्या सांडपाण्यातूनच पाणी उचलत होती. एकेकाळच्या स्पर्धेमुळे दोघींचे नळ त्याच गल्ल्यांतून गेलेले. एका घरात एकीचं पाणी, शेजारच्या घरात दुसरीचं. गरीब-श्रीमंत, हवा, वस्ती, सगळं सारखं, फरक फक्त नळाचा. आजच्या भाषेत याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात, आणि असा सापडणं म्हणजे संशोधकाचं नशीब.

अडचण एकच. मृत्यूची नोंद होती, पत्ता होता, पण त्या घरात कोणत्या कंपनीचं पाणी येतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पत्ते निबंधक कार्यालयातल्या विल्यम फारकडून मिळाले. पुढे स्नोने दारोदार जाऊन विचारलं. भाड्याने राहणाऱ्या पुष्कळांना कंपनी कोणती ते ठाऊकच नव्हतं, बिल मालक भरायचा. मग तो पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून बघायचा. शहरातल्या पाण्यात मीठ कितीतरी पट जास्त, त्यामुळे पांढरा साका दाट बसायचा. एक गाळलेला रकाना भरण्यासाठी एवढी पायपीट! साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: दर १०,००० घरांमागे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांत ३७. पटकीचा जंतू अजून वैद्यकाच्या गावीही नव्हता, आणि स्नो या भूलतज्ज्ञाने पाण्याकडे बोट दाखवून ठेवलं होतं.

हे मी नव्या मुलांना सांगते तेव्हा ते म्हणतात, पण मॅडम, गणित तर फक्त भागाकाराचं आहे. हो, भागाकारच आहे. सगळी मेहनत भागाकाराच्या आधी झाली.

नुसत्या नोंदींवर मात्र एका प्रश्नाच्या बाबतीत फार विसंबू नये, आणि तो प्रश्न म्हणजे 'औषधाने फायदा होतो का?' रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकार कमी दिसतो, असं निरीक्षणातून वर्षानुवर्षं वाटत होतं. अमेरिकेत १६,६०८ बायकांमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं वाटप करून चाचणी घेतली, तेव्हा एकत्रित संप्रेरकांनी हृदयाला फायदा तर नाहीच, उलट धोका वाढताना दिसला, आणि २००२ मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. स्वतःहून संप्रेरकं घेणाऱ्या बायका बाकीच्या बाबतीतही जास्त जपणाऱ्या, जास्त सुस्थितीतल्या होत्या. तो फरक नोंदींमध्ये पूर्णपणे पकडता आला नाही.

म्हणून मला कोविडवरची औषधं तपासणारी ब्रिटनमधली 'रिकव्हरी' चाचणी इतकी आवडते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा रुग्णालयं भरून वाहत होती. लांबलचक फॉर्म भरायला कुणाला सवड नव्हती, हे आखणाऱ्यांनी आधीच ओळखलं. रुग्णाला सामील करून घेताना मोजकी माहिती विचारायची, कोणतं औषध ते संगणक यदृच्छेने ठरवणार, आणि पुढे रुग्णाचं काय झालं ते आरोग्य सेवेच्या रोजच्या नोंदींमधूनही उचलायचं. पंधरा-वीस पानांची माहिती गोळा करायचा हव्यास कुणी धरला नाही. पावणेदोनशे रुग्णालयं सामील झाली. जूनमध्येच उत्तर आलं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेले २,१०४ रुग्ण आणि नेहमीचे उपचार मिळालेले ४,३२१. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना त्याहून कमी, पण फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीच फायदा दिसला नाही. जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं औषध! त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या गोळीचा कोविडमध्ये उपयोग होत नाही हेही त्याच महिन्यात सांगितलं. तोवर त्या गोळीवरून जगभर किती तावातावाने भांडणं झाली ते आठवत असेलच.

इथे संगणकाने काय केलं? काहीच दिपवणारं नाही. यदृच्छेने वाटप केलं, दोन नोंदी एका माणसाच्या नावावर जोडल्या, मोजलं. मला विचाराल तर वैद्यकातला संगणकाचा सगळ्यात मोठा उपकार अजूनही हाच आहे.

प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या एआय प्रोग्रामबद्दल कौतुकाने बोललं जातं, आणि बोलायलाच हवं. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल तो बनवणाऱ्यांना मिळालं. पण तो ज्यावर शिकला तो 'प्रोटीन डेटा बँक' नावाचा प्रथिनांच्या रचनांचा साठा १९७१ पासून चालू आहे. शास्त्रज्ञांनी जवळपास पन्नास वर्षं एकेक रचना मेहनतीने मोजली, ठरलेल्या पद्धतीने लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. त्यातलं प्रत्येक मोजमाप मोजण्यासाठीच केलेलं होतं. वॉर्डातली नोंद रुग्णाला सांभाळता सांभाळता, एका हाताने केलेली असते. या दोन्हींकडून सारखीच किमया होईल अशी अपेक्षा धरणारे भाषणं छान करतात.

कधीकधी घोडं इतक्या साध्या जागी पेंड खातं की हसावं की रडावं कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी मोजणीतून आणि संपर्क शोधण्यातून काही दिवस गळाल्या. कारण काय, तर वाटेत कुठेतरी एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला होता आणि त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या निमूटपणे पडून गेल्या. दुसरी तऱ्हा जनुकांची. काही जनुकांची संक्षिप्त नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेल ती बघून म्हणायचं, अरे ही तर तारीख! २०१६ मध्ये कुणीतरी तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असले घोळ सापडले. अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल हटत नाही म्हटल्यावर मानवी जनुकांनी माघार घेतली.

खासगीपणावर फार लिहीत नाही, पण एक सांगते, कारण 'नावं काढून टाकली की झालं' हे मी दर बैठकीत ऐकते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालय भेटींचा डेटा नावं वगळून संशोधकांना दिला. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने केंब्रिज शहराची मतदार यादी मिळवली आणि दोन्ही ताडून राज्यपालांच्या वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. त्या यादीत राज्यपालांची जन्मतारीख असलेले सहा जण होते, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. नावाची गरजच पडली नाही. म्हणून आता जाणती मंडळी तारखाच सरकवतात. अतिदक्षता विभागाच्या 'मिमिक' या खुल्या संग्रहात रुग्ण बाविसाव्या शतकात दाखल झालेले दिसतात, दोन नोंदींमधलं अंतर मात्र खरं ठेवलेलं असतं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ८९ वर्षांहून मोठ्यांची वयं ३०० च्या पुढे दाखवली होती. नवखा कुणी सरासरी वय काढतो तेव्हा खोलीत जरा करमणूक होते.

मला त्याहून पटलेली वाट म्हणजे डेटा जागचा हलवायचाच नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या 'ओपनसेफली' या आरोग्य-नोंदींवरच्या संशोधन प्रकल्पाने १ कोटी ७२ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवर कोविड-मृत्यूचे धोके तपासले. नोंदी जिथे होत्या तिथेच राहिल्या. संशोधकाने आपला प्रोग्राम तिकडे पाठवायचा, बाहेर येतात ते फक्त एकत्रित तक्ते, आणि कोणी काय चालवलं ते सगळ्यांना बघता येतं. प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघायची माझ्यासारख्यांची सवय तिथे चालत नाही, हे खरं. ती मोडावी लागली तरी चालेल.

आता शेवटी हातातल्या कामाबद्दल. घरी सोडलेल्या रुग्णांपैकी कोण महिन्याभरात पुन्हा दाखल होईल याचा अंदाज देणारं मॉडेल आमच्या एका डॉक्टर मॅडमना हवंय. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "यादी मिळाली तर तुम्ही काय करणार?" त्या म्हणाल्या, "फोन करू." "कोण करणार?" मग वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना बोलावलं. त्यांनी सांगितलं, दुपारच्या पाळीत फार तर आठ-दहा फोन होतील, त्याहून एकही जास्त नाही.

या एका वाक्याने अर्धं मॉडेल ठरलं. शेकडो जणांवर लाल खूण करणारं यंत्र इथे कामाचं नाही. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून जिवावर बेतणारी गुंतागुंत, ओळखणाऱ्या एका प्रचलित मॉडेलची २०२१ मध्ये बाहेरच्या संशोधकांनी तपासणी केली होती; त्याने दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर इशारे दिले आणि तरीही खऱ्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश त्याच्या हातून सुटले. इतके इशारे वाजले की माणसं ऐकेनाशी होतात. आम्हाला रोज वरची दहा नावं हवीत, आणि ती अशी हवीत की फोनने काही फरक पडेल. ज्याची प्रकृती इतकी नाजूक आहे की तो परत येणारच, त्याला फोन करून दिलासा मिळेल, दाखल होणं टळणार नाही. औषधं कशी घ्यायची ते न कळलेला माणूस मात्र फोनवर वाचू शकतो. तो कसा ओळखायचा याचा एकही रकाना आमच्याकडे नाही. सध्या सिस्टर सोडताना रुग्णालाच गोळ्यांची नावं आणि वेळा म्हणून दाखवायला सांगतात, आणि 'बरोबर', 'अडखळला', 'नाही आलं' यातली एक खूण करतात. पडद्यावर त्यासाठी वेगळं पान उघडावं लागू नये, एवढीच त्यांची अट होती.

पहिल्या महिन्याच्या नोंदी बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. फाइलमधला फोन नंबर बऱ्याचदा रुग्णाचा नसतो. दाखल करायला जो नातेवाईक आला होता त्याचा असतो, आणि घरी गोळ्या देणारं माणूस वेगळंच असतं. तेव्हा मॉडेल तूर्त बाजूला ठेवलंय. फॉर्ममध्ये 'हा नंबर कोणाचा' आणि 'घरी औषधं कोण देतं' असे दोन रकाने वाढवायला सांगितलेत. संगणक विभाग म्हणतो, पुढच्या बदलांच्या यादीत घालू. डॉक्टर मॅडम रोज विचारतात, मी रोज त्यांना संगणक विभागाचा नंबर देते.